थापेआधीचं थांबणं

"दारावरच्या थापेआधी पाऊल थांबतं रे, अन् तोंडातल्या थापेआधी जीभ." अक्काचे हे शब्द अजून माझ्या कानांत आहेत. मला कान नाहीत म्हणा. मी एक जुना माऊस आहे, मित्रांनो. शेपूट आहे, पण मांजर ढुंकूनही पाहत नाही.

माझे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाली तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि दुपारी संगणकावर अनोळखी माणसांशी पोकर खेळू लागले. अक्का ही त्यांची थोरली बहीण. ती शेजारच्या खोलीत राहायची.

त्या खेळात हाती काही नसलं तरी मोठा डाव लावून समोरच्याला घाबरवता येतं. ती थाप. पकडायची तर 'कॉल' दाबायचं, नाहीतर पानं टाकून द्यायची. पडद्यावर चेहरे नसतात. म्हणून मालक समोरच्याचं थांबणं मोजत, माझ्या पाठीवर बोटाने. टक, टक, टक. मग पहिल्या पानापासून त्याच्या खेळीची गोष्ट जुळते का, ते पाहत. त्या बोटाने माझी पाठ गुळगुळीत झाली.

"रागाने कॉल करू नये," ते अक्काला सांगत. "गोष्टीत भोक दिसलं तरच."

"मग माझी एकही थाप कशी पकडत नाहीस?"

"तुझ्याशी डाव कोण मांडणार बाई?"

एका दुपारी मोठा डाव रंगला होता. बोट मोजत होतं. तेवढ्यात अक्काचं पाऊल दाराशी थांबलं, मग थाप पडली.

"काय गं?" मालकांनी मान न वळवता विचारलं.

एक. दोन. तीन.

"काही नाही. सहज आले."

बोट माझ्या पाठीवर थबकलं. पण पडद्यावरची वेळ संपत आली होती. त्यांनी कॉल दाबला. समोरच्याची थापच निघाली. मालक जिंकले.

पाणी प्यायला उठले, तर अक्का दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेली, छातीवर हात ठेवून. ती पुन्हा उठलीच नाही.

तिची लेक आली. "मामा, आई काही म्हणाली होती का?"

"नाही," मालक म्हणाले. पण जरा थांबून.

मग मला खणात टाकलं, सुट्या तारांत. तिथे पाठीवर कुणी नसतानाही टक, टक, टक होतं. ते बोट की अक्काचं पाऊल, मला अजून ठरवता येत नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणाचं 'काही नाही' उशिरा आलं, तर खुर्ची वळवा. ती पानं पुन्हा वाटली जात नाहीत.

आज भाचीने खण आवरायला घेतला. "मामा, हा टाकून देऊ?"

मालकांनी मला हातात घेतलं. बोट आपसूक हललं. टक, टक, टक. भाची त्या बोटाकडे पाहत राहिली.

"काय झालं मामा?"

"काही..." ते म्हणाले, आणि अडले. मग खुर्ची तिच्याकडे वळवली.

"त्या दुपारी ती दारात आली होती, पोरी. 'काही नाही' म्हणाली. थाप होती ती. मला तेव्हाच कळलं होतं."