पद कमी करणेबाबत

सावलीच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बावीस वर्षांत माझ्या हातून इतके अर्ज गेले, की एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकते. माणूस सरकारला अर्ज करतो तो काहीतरी वाढवून मागायला. पेन्शन वाढवा, विहिरीचं अनुदान वाढवा, रेशनकार्डावर नाव वाढवा. एका बहाद्दराने तर बायकोचं वय वाढवून मागितलं होतं, तेही तिला न विचारता. कमी करून मागणारा मला आजवर एकच भेटला. लहानूभाऊ खोब्रागडे, निवृत्त हवालदार. आणि त्यांनी काय कमी करून मागितलं? सख्ख्या नातीचं पद!

लहानूभाऊ चोवीस वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. एकाहत्तरीतही पाठ ताठ. चपलांना पॉलिश करणारा तालुक्यात मला तरी दुसरा कुणी माहीत नाही. सावलीहून सहा किलोमीटरवर त्यांचं गाव आहे, आणि तिथे सैन्यातलं काही विचारायचं झालं की त्यांनाच विचारायचं. ते सांगतील तो कायदा.

त्यांच्या मुलाची, प्रफुलची मुलगी संघप्रिया डॉक्टर झाली. एटापल्लीच्या दवाखान्यात तिने वर्षभर काम केलं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की चार-चार दिवस तिकडेच अडकायची, पण तक्रार नाही. मग दिल्लीला मुलाखत देऊन आली आणि जुलैत तिचं पत्र आलं. सैन्यात डॉक्टर म्हणून निवड, लखनौला रुजू व्हावे, पद कॅप्टन. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बायका चिखलाच्या पायांनी शेतातल्या बांधीतून थेट त्यांच्या अंगणात आल्या. कुणी पेढे आणले, कुणी नुसतेच ओरडले. त्या गर्दीत लहानूभाऊ तेवढे ते पत्र उलटसुलट करून बघत होते.

तिसऱ्या दिवशी लहानूभाऊ दुकानात आले. पत्राची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातलेली.

“जय भीम, इंदुताई. एक अर्ज टाइप कर. दिल्लीले पाठवाचा हाय.”

“विषय काय?”

“पद कमी करनेबाबत.”

मी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. “कोनाचं पद?”

“संघप्रियाचं. तिले डायरेक कॅप्टन करून टाकलं ना! असं होतच नाई. पयले लेफ्टनंट, खांद्यावर दोन तारे. मंग काही वर्षं घासल्यावर तिसरा. हे क्लार्कची गलती हाय. मी क्लार्क लोक लई पायले हावो.”

“केली तं केली! तुमच्या पोट्टीच्या फायद्याची गलती हाय. चूप बसा अन् घरी जाऊन पेढे खा.”

ते गेले नाहीत. स्टुलावर बसले. मग हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. ऐंशी साली त्यांना लान्स नायकाची फीत मिळाली होती. शिपायाच्या वरचं पहिलं पद, बाहीवर एक फीत. गावी पत्र गेलं, त्यांच्या वडिलांनी गावभर जिलेबी वाटली. तीन महिन्यांनी कळलं की यादीत गफलत झालीय, फीत दुसऱ्याच लहानूची होती. सकाळच्या हजेरीत सगळ्या कंपनीसमोर उभं करून त्यांची फीत उसवली. दोन वर्षांनी त्यांना हक्काची मिळाली ती वेगळी.

“शिवन निंगली, पन बाहीवर सुईचे छेद दिसत राह्यले,” ते म्हणाले. “तो शर्ट मी आनखी वर्षभर घातला, इंदुताई. दुसरा नोता. माझ्या पोट्टीच्या खांद्याले असे छेद नाई पायजे. आजच कमी करून घेतलं तं इज्जतीनं लेफ्टनंट होऊन जाईन.”

मला फार वाईट वाटलं. खरं सांगते, तो अर्ज मी टाइप केला तो त्या छेदांमुळे. नाहीतर मी त्यांना हाकलूनच दिलं असतं. उत्तर कुणाच्या पत्त्यावर मागवायचं, असं विचारलं तर म्हणाले, तुझ्या. घरी बायनाबाईंच्या हाती पडलं तर चुलीत जाईल. मग मी खाली लिहिलं, ‘मार्फत इंदुताई, तहसीलसमोर’, आणि स्वतःहून या भानगडीत पाय टाकला.

बायनाबाई म्हणजे लहानूभाऊंची बायको. चार फूट दहा इंच उंची आणि आवाज पार ब्रह्मपुरीपर्यंत जाणारा. स्पीड पोस्टची पावती त्यांना लहानूभाऊंच्या खिशात सापडली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात.

“काऊन वं इंदू? त्याचं डोक्सं फिरलं, तं तुयंबी फिरलं का? लेकरू वर चढून राह्यलं, अन् तुमी दोघं तिचे पाय खाली ओढून राह्यले!”

शिवणीची गोष्ट लहानूभाऊंनी मला एकटीला सांगितली होती, आणि घरी सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी चहा मागवला. बायनाबाई चहा प्याल्या, कप ठेवला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

त्यानंतर संघप्रिया आली, आजोबांना हाताला धरून. तिने माझ्याच कॉम्प्युटरवर सैन्याचा नियम उघडून दाखवला. शिक्षण आणि इंटर्नशिप पूर्ण झालेला डॉक्टर सैन्यात कॅप्टन म्हणूनच लागतो. बाकीच्यांची सुरुवात लेफ्टनंटपासून होते, डॉक्टरांची तशी नाही. स्पष्ट लिहिलं होतं. लहानूभाऊंनी स्क्रीनजवळ नाक नेऊन सगळं वाचलं.

“शिक्का कुठी हाय?” त्यांनी विचारलं.

“आबाजी, कॉम्प्युटरवर शिक्का कसा राहीन?”

“मंग? यावर कोनीबी काहीबी लिवते.”

संघप्रिया हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले आणि आवाज चढला. “लहानपनी तुमीच मले परेड शिकवली. फौजेत जा म्हनून तुमीच सांगतलं. आता सारं गाव मानते, अन् तुमी एकटेच नाई मानत. नातीवर भरोसा नाई ना? मंग मले सोडाले बल्लारशाले येऊ नका.”

लखनौची गाडी बल्लारशाहून होती. नातीची ट्रंक स्वतः उचलून डब्यात ठेवायची, हे लहानूभाऊंनी कधीचं ठरवून ठेवलं होतं. फौजी ट्रंक काळी असते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात पद आणि नाव असतं, म्हणून त्यांनी ती स्वतः रंगवलीही होती. नाव लिहून झालं होतं. पदाची जागा तेवढी कोरी सोडली होती. नातीचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. उठले आणि दुकानाबाहेर गेले. त्या दिवशी मला माझ्या टायपिंगचा मनापासून राग आला.

दिवस जात होते. घरात आजोबा आणि नात एकमेकांशी बोलेनात. प्रफुल कामावरून येता-जाता दुकानात डोकावून एवढंच विचारायचा, “ताई, काही आलं का?” दिल्लीहून उलटंच काही आलं आणि पोरीची नेमणूकच थांबली तर काय, हा विचार माझ्याही डोक्यातून जाईना. आमच्या कचेरीतून साध्या दाखल्याला दोन-दोन महिने लागतात, त्यामुळे तिच्या जाण्याआधी उत्तर येईल अशी आशा मी सोडली होती.

पण ते आलं. एकविसाव्या दिवशी, तिच्या गाडीच्या आदल्या दिवशी सकाळी, पोस्टमन झिंगू लिफाफा घेऊन उभा. “इंदुताई, फौजेतून तुमाले कायचं पत्र आलं बा? भरती व्हाचं हाय का?”

मी लहानूभाऊंना फोन केला. मिळेल त्या जीपला लटकून ते वीस मिनिटांत हजर झाले. चष्मा विसरले होते, म्हणून मीच वाचून दाखवलं. नेमणूक नियमाप्रमाणे आहे. पूर्ण नोंदणी झालेल्या डॉक्टरांना कॅप्टन हेच पद दिले जाते. आपल्या अर्जानंतर कागदपत्रे पुन्हा तपासली, पद बरोबर आहे. कोणताही बदल करण्याची गरज नाही. खाली सही, आणि सहीखाली त्या अधिकाऱ्याने पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या, ‘हवालदार साहब, ऐसी अर्जी हमारे यहाँ पहली बार आई है। पोती को बधाई।’

“शिक्का हाय?”

“हाय. गोल. निळा.”

त्यांनी शिक्क्यावर बोट फिरवलं. “इंदुताई, मंग तिचा तारा कोनी काढनार तं नाई ना?”

“कोनीच नाई, लहानूभाऊ.”

“पक्कं?”

“दोनदा तपासलं म्हनते. तुमच्यामुळं तं आनखीच पक्कं झालं.”

हा एकाहत्तर वर्षांचा माणूस दुकानातून उडी मारल्यासारखा रस्त्यावर गेला आणि दोन्ही हात वर करून तहसीलच्या फाटकाकडे बघत ओरडला, “माझी पोट्टी कॅप्टन हाय! एकदम कॅप्टन!” शिपाई धावत बाहेर आला. दाखल्यांच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कोण पोट्टी, कुठली पोट्टी, काही ठाऊक नसताना निम्म्या रांगेने टाळ्या वाजवल्या. झिंगूने तर शिट्टीच मारली. लहानूभाऊंनी सगळ्यांना चहा सांगितला आणि तसेच जीप पकडून गावी गेले.

दुपारी परत आले तेव्हा बोटांना पांढरा रंग लागलेला होता. ट्रंकेवरची कोरी जागा भरून आले होते. पण चेहरा पडलेला.

“पोट्टी घरी नोती. अन् असती तरी काय? तिनं येऊ नका म्हनलं हाय.”

“अहो, तिले पत्र दाखवा, माफी मागा, झालं.”

“तोंडी नाई. तोंडी हुकूम तोंडी मांगं नाई घेतल्या जात. अर्ज टाइप कर, इंदुताई. मराठीत.”

ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. मधेच मला डोळे पुसावे लागले आणि मधेच हसू आवरेना. प्रिंट निघतो न निघतो तोच दारात संघप्रिया. लखनौला न्यायच्या कागदांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या, आणि सोबत बायनाबाई होत्याच. लहानूभाऊ सावधान उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कागद पुढे केला. संघप्रियाने तो मोठ्याने वाचला.

“प्रति, मा. कॅप्टन संघप्रिया प्रफुल खोब्रागडे. विषय, आपणास सोडण्यासाठी बल्लारशा स्टेशनपर्यंत येण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदया, अर्जदाराने आपल्या पदाबद्दल शंका घेतली, ती चूक झाली. सन १९८० मध्ये अर्जदाराची फीत क्लार्कच्या चुकीमुळे सर्वांसमोर काढण्यात आली होती. ही गोष्ट अर्जदाराने घरी कोणासही सांगितली नाही. आपल्यावर तशी वेळ येऊ नये, एवढाच हेतू होता. अर्जदाराचा आपल्यावर पूर्ण विश्वास आहे. क्लार्कवर नाही. तरी ट्रंक उचलण्यासाठी सोबत येऊ द्यावे, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक आजा, हवालदार लहानू खोब्रागडे, निवृत्त.”

वाचून झाल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला. तिने आजोबांच्या गळ्यात हात टाकले आणि दोघंही रडत-हसत उभे राहिले.

बायनाबाई मात्र वेगळ्याच वाटेला लागल्या होत्या. “थांब, थांब. म्हंजे ऐंशी साली मामंजीनं जिलेबी वाटली, ते फुकटच गेली? अन् मले आजपावतर सांगतलं नाई?” मग त्यांनी नवऱ्याच्या दंडावरून, जिथे फीत असते तिथून, हात फिरवला. “एकटाच सोसत राह्यला का बा इतके साल?” असं म्हणून त्यांनी तिथेच एक चापट मारली. लहानूभाऊ हसायला लागले. इतके हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

संघप्रिया माझ्या खुर्चीवर बसली. कागद समोर ओढला, कोपऱ्यात ‘मंजूर’ लिहिलं, खाली सही केली, आणि सहीखाली पद लिहायला पेन टेकवलं. तिथे तिचा हात थांबला.

“आबाजी, मी तं परवा रुजू होईन. त्याच्या आंधी कॅप्टन लिवता येते का?”

रुजू होण्याआधी पद लावता येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. आणि हा माणूस तर नियमासाठी दिल्लीशी भांडलेला. लहानूभाऊंनी रस्त्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग पुढे होऊन दुकानाचं दार अर्धं लोटलं.

“लिव,” ते हळूच म्हणाले. “मी कोनाले सांगत नाई.”

तिने लिहिलं. मी सवयीने विचारलं, “किती झेरॉक्स काढू?”

“एकबी नाई!” लहानूभाऊ दचकून म्हणाले, आणि कागदाची घडी घालून त्यांनी तो शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.