मगरीची शेपटी

नेमाउस या रोमन गावात काशाचं नाणं छिन्नीने अर्धं करायची पद्धत होती. आख्ख्या नाण्यावर ताडाला बांधलेली मगर असे. तोडलं की एकाच्या हाती तोंड, दुसऱ्याच्या हाती शेपटी. शेपटी दिली की एक पाव मिळायचा, तोंड दिलं तरी तेवढाच. त्यामुळे कपडे धुणारा तित्तुल अचानक गेला, तेव्हा त्याचा मुलगा करिल्ल याने बापाच्या जिभेवर सवयीने शेपटी ठेवली. मेलेल्यांना नदीपलीकडे नेणाऱ्या नावाड्याला तेवढं भाडं चालेल, असं त्याला वाटलं.

चाललं नाही. तिसऱ्या सकाळी करिल्लची बहीण सेन्निया दुकानात आली, तर बाबा धुण्याच्या हौदाच्या कठड्यावर बसलेले. कमरेपर्यंतच. त्याखाली नुसती नदीच्या गाळाची ओल.

नावाड्याने भाड्यापुरते पाय नेले, असं त्यांनी सांगितलं. जन्मभर हौदात कपडे तुडवून धुणाऱ्याचे पाय आधी पोचावेत, हे त्यांना रीतसरच वाटत होतं. मग त्यांनी तिला पांढऱ्या झग्यावरचा डाग दाखवला.

गिऱ्हाइकं येत राहिली. एका बाईने बाबांजवळ बाबा गेल्याचं दुःख केलं आणि कपडे कधी मिळतील, ते विचारलं.

करिल्लने त्याच दिवशी दुसरा तुकडा आणला. "सेन्ने, हे तोंड. ठेव त्यांच्या जिभेवर, सुटू दे त्यांना."

"ठेवते," म्हणत तिने तो कमरेला खोचला, तो खोचलेलाच राहिला. वीस वर्षं बाबा तिच्याशी डागांबद्दलच बोलले होते. आता पायच नाहीत म्हटल्यावर, निदान बसून तरी तिच्याबद्दल एक शब्द बोलतील, याची ती वाट बघत होती. बाबा द्राक्षारसाच्या डागाबद्दल बोलले. तेलाच्या डागाबद्दल बोलले. रोज थोडे अधिक निळे पडत गेले. त्यांच्या शेजारी वाळत घातलेली लोकर वाळेचना.

नवव्या दिवशी भर दुपारी त्यांचे दात वाजू लागले.

"तिकडे पायांना दिसत नाही गं, पोरी," ते म्हणाले. "सारखे पाण्यात शिरतायत."

सेन्नियाने तुकडा काढला आणि त्यांच्या जिभेवर ठेवला.

तेव्हा बाबांनी हौदावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं आणि ते बोलायला लागले. लांबलचक वाक्य होतं. मध्ये एकदा हसलेही. काशाचा तुकडा दातांवर खणखणत होता. तिला एक अक्षर कळलं नाही.

तुकडा काढून पुन्हा विचारता आलं असतं. तिचा हात पुढे गेलाही. मग तोच हात तिने त्यांच्या हनुवटीखाली धरला आणि तोंड मिटलं.