बेटावरची शिट्टी

मित्रांनो, हरसूलच्या एका घराच्या ओटीवर खुंटीला टांगलेली पितळी शिट्टी दिसली, तर ती मीच. जुनी आहे, एका बाजूला पोचा आला आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. उपयोग काय? शिट्टीला स्वतःला फुंकता येत नाही.

माझी सगळी नोकरी अंदमानकडच्या एका लहानशा बेटावर, लष्कराच्या तळावर झाली. दुसऱ्या महायुद्धात तिथे जपानी सैन्य राहून गेले होते. त्यांच्या काँक्रीटच्या बंकरात आमचे जवान कांदे-बटाटे ठेवत. खारा वारा असा, की खिळ्यापासून बंदुकीपर्यंत सगळ्याला गंज चढे. रविवारी सगळे तेल-फडकी घेऊन बसत, तेव्हा माझेही अंग चकाके. रेशन आणि पत्रे बोटीने येत. बोट चुकली की सगळ्यांची तोंडे लांब.

तळ आणि बोटीचा धक्का यांच्यामध्ये वाळूची वाट होती. भरतीला ती बुडून जाई. पाणी चढू लागले की सुभेदारसाहेब मला लांबलचक फुंकत. धक्क्यावर पोती उतरवणारा तरुण जवान बहिरू हातातले टाकून पळत येई. पुढे तळ हलला, तेव्हा साहेबांनी मला त्याच्याच गळ्यात घातले आणि मी त्याच्याबरोबर इथे गावी आले.

आता बहिरूबाबा थकले आहेत. ते माणसे विसरतात, घरही विसरतात. एकदा नात हर्षालीने गंमत म्हणून मला फुंकले. बाबा नागलीच्या शेतातून धावत आले आणि धापा टाकत अंगणात सावधान उभे राहिले. त्यांच्या मुलाच्या, योगेशच्या, डोळ्यांत पाणी आले.

"हर्षा, परत वाजवायची नाय. आज्याचे लय हाल होतात," म्हणत त्याने मला इथे टांगले. मायेनेच टांगले हो, राग तरी कुणावर धरू?

परवा बाबा चालत पार घाटापर्यंत गेले. घरचे हाका मारून थकले, पण ते वळले नाहीत. जीपवाल्या रिझवानने ओळखून आणून सोडले. कालपासून त्यांच्या खोलीला बाहेरून कडी आहे.

त्यांना मोकळे फिरू द्या, मला फुंका, ते येतील! माझा जीव नुसता तळमळतो. मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस हाकेला येत नसेल, तर त्याला कोंडण्याआधी ते कुठली हाक ओळखते, एवढे शोधाल ना?

आज सकाळी बाबांनी आतून दार वाजवले. "शिट्टी झाली का रं?"

"नाय बाबा," माझ्याच खाली बसून योगेश म्हणाला, "अजून नाय."

"बरं," म्हणून बाबा आत गुमान बसून राहिले.