गाजर माझं, गोळी त्याची

मी खेचर बोलतेय.

आटपाट छावणी होती. तिथं एक शिपाई होता, त्याला सगळे पहाड्या म्हणत. पहाड्याला एक बायको होती, तोंडानं फटकळ आणि पोटुशी. आणि एक खेचर होतं, ते म्हणजे मी. पहाड्या मला बाईसाहेब म्हणायचा आणि बायकोला ‘अगं ए’. यावरून घरात एकदा चांगलंच वाजलं होतं.

माझी आई घोडी, बाप गाढव. दोन्हीकडचे नातेवाईक ओळख दाखवत नाहीत, म्हणून मी फौजेत आले. भरतीच्या वेळी माझे दात पाहिले, पाय ठोकून पाहिले, छाती मोजली आणि खुरावर नंबर डागला. पहाड्याचंही हेच झालं म्हणे, नुसतं डागायचं तेवढं राहिलं.

काम सोपं. खालून पेट्या घ्यायच्या, डोंगरावरच्या चौकीत टाकायच्या. एकदा उतारावर माती सुटली. मी पुढच्या पायावर आपटले आणि माझ्या पाठीवरची पेटी पहाड्याच्या कंबरेत बसली. मी बोंब ठोकली. तो उठला, धूळ झटकली आणि म्हणाला, “काही नाही, काही नाही.” माणूस असं दोनदा म्हणाला की समजावं, काहीतरी मोडलंय.

डॉक्टरकडे जायचं सोडून तो मित्रांकडे गेला. डॉक्टरकडे गेलं की कागदावर ‘अशक्त’ लागतं, डोंगर सुटतो, बढती हुकते आणि चारचौघांत नाक कापलं जातं ते वेगळंच. मित्रांकडे एकच औषध, बाटली. थंडी वाजली, घे. उकडलं, घे. साहेब रागावला, घे. साहेब खूश झाला, मग तर घेच. आम्ही खेचरं तोच डोंगर नुसत्या पाण्यावर चढायचो, पण आम्हाला विचारतो कोण!

माझ्यासाठी मात्र जनावरांचे डॉक्टर धावत आले. दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, म्हणाले, “गाजरात खुपसून चार.” पहिल्या दिवशी पहाड्यानं चारली. दुसऱ्या दिवशी गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग गाजर माझ्या तोंडात गेलं आणि गोळी त्याच्या.

माझा पाय आपल्या आपण बरा झाला. त्याची कंबर काही होईना. पाय बरा म्हणजे गोळ्या बंद. मग या पठ्ठ्यानं मला लंगडायला शिकवलं! त्यानं जिभेनं टक् केलं की मी डावा पाय उचलून धरायचा, की गाजर. गाजरासाठी मी नाचलेही असते, लंगडणं काय घेऊन बसलात? डॉक्टर हळहळायचे आणि गोळ्यांची पुडी द्यायचे. दिवसा गोळी, संध्याकाळी बाटली, आणि सकाळी पहाड्या माझं खोगीर उलटं बांधायचा.

एकदा बायको डबा घेऊन तबेल्यात आली. मी मजेत दुडक्या चालीनं फिरत होते. दारात डॉक्टर दिसले, पहाड्यानं टक् केलं आणि मी लंगडले. डॉक्टर पुडी देऊन गेले. बाईनं सगळं पाहिलं.

“पाय हिचा दुखतोय ना? मग झोकांड्या तुम्ही का खाताय?”

“कंबर धरलीय जरा. तू नको लक्ष देऊ.”

“का, माणसांचा डॉक्टर मेलाय? जनावराची औषधं खाता! उद्या चंदी मागाल ताटात.”

पहाड्या हसला. ती हसली नाही.

“मी बाळंतपणाला माहेरी चालले. शुद्धीवर असाल तर न्यायला या. नसाल तर पोराला सांगेन, तुझा बाप डोंगरावरून पडला.”

ती गेली आणि तिचं म्हणणं जवळजवळ खरंच झालं. कड्यापाशी मी थांबले, पण पहाड्या गाणं गुणगुणत पुढं निघाला. मी त्याचा पट्टा दातात धरून ओढला म्हणून वाचला. मित्र पोट धरधरून हसले. कुणीतरी म्हणालं, “अरे, खेचराला शिपाई दिलाय की शिपायाला खेचर?”

मग सगळ्या जनावरांची तपासणी आली. मैदानात रांग लागली, सुभेदार आणि डॉक्टर समोर. पहाड्यानं जीभ अजिबात हलवली नाही, देवाशपथ! पण मला डॉक्टर दिसले म्हणजे गाजर दिसलं. मी आपणहून अशी लंगडले, अशी लंगडले, की दगडालाही पाझर फुटावा.

डॉक्टर सुस्कारा टाकून म्हणाले, “हिचं काही खरं नाही. निकाली काढा.”

निकाली काढणं म्हणजे पेन्शन नव्हे. मैदानामागं न्यायचं आणि बंदूक चालवायची. मी मूर्ख, अजून गाजराची वाट बघत होते.

पहाड्या रांग सोडून पुढं आला. “साहेब, लंगडी ती नाही. लंगडा मी आहे.”

“म्हणजे?”

“गाजर ती खायची. गोळ्या मी खायचो. वर दारू. आता मला थांबता येत नाही, साहेब.”

सुभेदार गरजले, “तरीच कवायतीत कान हलवत होतास!”

रांग खदखदली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझा निकाल खोडला, पहाड्याचा सदरा वर केला, पाठ बघितली आणि त्याला तसंच माणसांच्या इस्पितळात धाडलं. पहाड्याची बढती गेली. इस्पितळात त्याला थरथर सुटली, घाम फुटला, त्यानं सगळ्यांच्या आयामाया काढल्या, पण तो पळाला नाही. इकडे सर्वांत जास्त हसलेला मित्र माझ्या तबेल्यामागं डॉक्टरांना हळूच विचारत होता, “साहेब, माझ्या एका दोस्ताला बाटलीशिवाय झोप येत नाही...”

“दोस्त कोण?”

“मीच, साहेब.”

आता मी ओझी वाहत नाही. पहाड्याही नाही. दोघं मिळून नव्या शिपायांना खेचर सांभाळायला शिकवतो. पोरांनो, दुखलं तर आमच्यासारखी बोंब ठोका. ‘काही नाही’ म्हणून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

इस्पितळातून सुटल्यावर पहाड्या सासुरवाडीला गेला. सासूबाईंनी दारातच आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग आत घेतलं. बायको बाहेर आली. तिनं तान्ही लेक त्याच्या हातात ठेवली आणि हात थरथरतात का ते बघत राहिली. हात स्थिर होते. तेव्हा तिनं ट्रंक भरायला घेतली. जशी त्यांच्या घरी ती परतली, तशी तुमच्याही घरची माणसं शुद्धीवर आणि सुखरूप परतोत.