दोन हात वाढलेला खांब

ह्वाय नदीकाठी कालवा खणायला प्रत्येक टोळीला बारा हात खोल जायचा हुकूम होता. खड्ड्याच्या मधोमध न खणलेल्या मातीचा एक खांब डोक्यावरच्या गवतासकट उभा ठेवायचा. मोजणी अधिकारी हौ साहेब त्या खांबाची उंची मोजत. खांब जेवढा उंच, तेवढा खड्डा खोल.

वेठीला धरून आणलेला पंग हाडाचा कुंभार. मोजणी उद्यावर आली आणि त्याची टोळी दहा हातांवरच अडकली. माती इतकी चिकट की आत गेलेलं फावडं बाहेर यायलाच तयार नाही.

दुपारी हौ साहेब जेवून छत्रीखाली घोरू लागले. पंगने खांबाला शिडी लावली, वरचं गवत मातीसकट झाकणासारखं अलगद उचललं, खाली दोन हात माती थापली, तिच्यावर फावड्याचे ओरखडे काढले आणि गवत पुन्हा वर बसवलं. काठांवर उपसलेल्या मातीचे उंच ढीग होते, त्यामुळे खांबाची वाढ डोळ्यांत भरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोजलं. "बारा हात, वर चार बोटं! शाबास!"

साहेब निघून जाताच शेजारच्या टोळीला राळ्याची पेज रांधून घालणारी छिन मावशी काठावर येऊन उभी राहिली.

"बाळसं धरलंय की रे तुझ्या खांबाने!"

"जमीनच कसदार आहे, मावशी."

"मग आमच्या खांबालाही थोडा कस लाव. आमची मोजणी परवा, आणि पोरं दहावरच धापा टाकतायत. नाहीतर मी साहेबांनाच विचारते, वरची माती अजून ओली कशी म्हणून."

पंग शिडी घेऊन निघाला. मावशीच्या पोटात गोष्ट राहते थोडीच? चार दिवसांत कालव्यावरच्या सातही टोळ्यांचे खांब वाढले. हौ साहेबांनी खुशीत वर कळवून टाकलं, काम चोख.

मग खांब पाडले, पाणी सोडलं. तळ सगळीकडे सारखाच दहा हातांवर, त्यामुळे पाणी झकास वाहिलं. धान्याच्या होड्या सरसर गेल्या. मागून हौ साहेबांची दुमजली नाव डुलत आली आणि मावशीच्या चुलीसमोरच गाळात रुतली.

"हा कालवा आहे की डबकं?" साहेब कडाडले.

पंग हात जोडून म्हणाला, "सरकार, मोजणी तर आपल्याच हातची."

साहेबांनी पंगकडे नीट पाहिलं. मग काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "वरच्या बांधावरच्या मूर्खांनी पाणीच कमी सोडलंय!"

नाव हलकी व्हावी म्हणून साहेब गुडघाभर चिखल तुडवत काठावर आले. चाळीस माणसं दोर ओढत असताना त्यांनी मावशीकडची दोन वाडगे पेज संपवली. मग पंगला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पुढच्या कालव्याच्या मोजणीला मला तुझ्यासारखाच माणूस हवा. उद्या निघायचं."

पंगने हसत मान डोलावली आणि रात्रीच गाठोडं बांधलं. सकाळी साहेबांचा शिपाई त्याला न्यायला आला, तेव्हा मावशी चूल फुंकत होती.

"कुंभार ना? तो पहाटेच गेला गावाला. भट्टी विझेल म्हणत होता."

"सहा महिने इथे होता, कसली भट्टी?"

"मला काय विचारता?" मावशी म्हणाली. "पेज घेणार?"