पाचव्या ओळीत दोन आठ

झुंबरबाई. छाती अडतीस, बाही नऊ, गळा मागून खोल.

उसाची ट्रॉली काट्यावर चढली की लगेच आकडा वाचायचा नाही. आधी ती डुलायची थांबू द्यायची.

लाल प्लास्टिकचा चिमटा, एक.

हुपरीला जाणारी सकाळची गाडी, खिडकीची जागा, मांडीवर डबा.

पिराजी स्वतःच्या दारात उभा राहून विचारत होता, पिराजीचं घर कुठलं.

पाचव्या ओळीत दोन आठ.

□

चिमट्यापासून सुरुवात करू.

सदर बाजारात आण्णांचं आणि रशिदाचं घर पाठीला पाठ लावून आहे. मध्ये कंबरेएवढी भिंत, भिंतीवर कपडे वाळत घालायची दोरी. रोज सकाळी आण्णा पेपर घेऊन बसतात. बातम्यांवर नुसती नजर टाकतात आणि आतल्या पानावरच्या सुडोकूला भिडतात. दहा वाजले की जेवढं झालं तेवढं झालं. ते पान लाल चिमट्यानं दोरीला लटकतं. दुपारी जेवणं झाली की रशिदा ते काढून घेते आणि शिलाई मशीनवरच ठेवून उरलेलं सोडवते. संध्याकाळी भिंतीपाशी येऊन एकच शब्द सांगते: सुटलं. नाहीतर: उद्या.

अकरा वर्षं हे असंच चाललंय.

सुटलेलं पान ती टाकत नाही. ब्लाऊज बेतायला कागद लागतोच. कुणाची पाठ, कुणाची बाही. प्रत्येक तुकड्यावर नाव आणि माप घालायचं, आणि मशीनखालच्या पिशवीत टाकायचं. गिऱ्हाईक वर्षानं परत आलं तरी कागद तयार.

□

नियम आण्णांचे. एकतीस वर्षं ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. त्यामुळे पेन. पेन्सिल नाही, कारण खोडलेला आकडा म्हणजे खोटा आकडा. आणि अंदाज नाही. एखाद्या घरात दोन किंवा सातच येणार असं दिसत असेल, तरी दोन का नाही हे कळेपर्यंत सात लिहायचा नाही. अंदाजानं भरणं म्हणजे काटा मारणं, असं ते म्हणतात, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा असा बघतात की जणू त्यानंच मारला.

या नियमांपायी एकदा एक शनिवारचं कोडं आठ दिवस चाललं. दोरीवर मागची-पुढची सात पानं. आण्णांची सून स्नेहल शाळेतून येऊन विचारत होती, हे धुवायचे आहेत की धुतलेत.

रशिदाचा नवरा गौस हुपरीत पैंजणांना पॉलिश करतो. एवढ्या वेळात आमच्याकडं चाळीस जोड निघतात, असं त्याचं म्हणणं. त्या चौकोनांत काय ठेवलंय, हे त्यानं बायकोला बरेचदा विचारलंय. तिला कधी सांगता आलं नाही. खरं म्हणजे तिच्या दिवसात दुसरं काहीच पुरं होत नाही. बाही शिवली तर गळा उसवून परत येतो. कुकरची शिट्टी होते, कुणीतरी फिटिंगला येतं. कोडं मात्र तासभर डोकं खातं, तोंड फिरवून बसतं, फेकून द्यावंसं वाटतं. मग एक आकडा बसतो. त्यामुळे दुसरा. त्यामुळे तिसरा. मग ब्लाऊजचे हूक लावत जावेत तसं वरपासून खालपर्यंत, टक, टक, टक.

□

जुलैतला एक बुधवार. पाचव्या ओळीत छापलेला एक आठ होता आणि आण्णांनी पेनानं लिहिलेला दुसरा.

संध्याकाळी रशिदा भिंतीपाशी आली आणि म्हणाली की आज जमत नाही, ओळीत आठ दोनदा आलाय. आण्णा म्हणाले, छापणाऱ्यानं घोळ घातला असणार. त्यांनी पेपरच्या ऑफिसात फोन केला आणि तिथल्या माणसाला काट्याची गोष्ट सुनावली. दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर आलं. घोळ छापणाऱ्याचा नव्हता.

आठवडाभरानं परत तेच. परत फोन.

तिसऱ्या वेळी त्यांनी फोन केला नाही.

त्यानंतर दोरीवर पान यायचं ते कोरं. सगळी घरं रिकामी, आण्णांचा एक आकडा नाही. तीन दिवस असं. चौथ्या दिवशी दोरीवर नुसताच चिमटा.

□

रशिदा वळसा घालून पुढच्या दारानं गेली. आण्णा खुर्चीत होते, पेपर घडी न मोडलेला. बरं नाही का, असं तिनं विचारलं. त्यांनी आधी स्नेहल घरात नाही याची खात्री केली. मग थोरल्या भावाचं सांगितलं. पिराजी, राधानगरीकडचा, डेअरीत दूध मापायचा. अगोदर त्याच्या मापाचे आकडे चुकायला लागले. लोकांनी हसण्यावारी नेलं. दोन वर्षांनी तो स्वतःच्या दारात उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला पिराजीचं घर विचारत होता.

"आधी आकडे गेले त्याचे," आण्णा म्हणाले. "मग माणसं. आमच्यात येतंय ते. स्नेहलला एवढ्यात काय बोलू नगंस."

अकरा वर्षांत त्यांचा आवाज भिंतीपलीकडून न ऐकू येण्याइतका खाली आलेला तिनं ऐकला नव्हता.

ती घरी आली. मशीनवर बसली, सुईत दोरा ओवला, आणि शिवलं काहीच नाही.

□

मग तिनं पिशवी उपडी केली.

तिन्ही चुकलेली कोडी कापून गेली होती. एक बयाबाईच्या पाठीत सबंध होतं. दुसरं वर्षाराणीच्या पुढच्या भागात, फक्त एक कोपरा काखेच्या गोलाईत गेलेला; तो कातरणांत मिळाला. तिसरं दोन तुकड्यांत होतं, ते तिनं टाचणीनं जोडलं. झुंबरबाईच्या बाहीचा कागद मात्र तिनं उचलून परत पिशवीत टाकला.

कागद फरशीवर पसरले. खडूनं चुकांभोवती गोल केले. अकरा. आता अकरा चुकांचं एक कोडं, आणि नियम आण्णांचेच: अंदाज नाही. का चुकतात हे दिसत नसेल, तर कुठं चुकत नाहीत ते बघायचं.

चारच्या सुमारास ती भिंतीपाशी गेली आणि आण्णांना हाक मारली. येत नाही म्हणाले. तिनं परत मारली. आले. दारातून आत पाऊल टाकलं तेवढ्यात ती ओरडली.

"पाय देऊ नका, बयाबाईची पाठ हाय ती."

आण्णा तिथंच एका पायावर थांबले. तिनं स्टूल सरकवलं, ते बसले.

"तुमचा आकडा तुमच्याच हातच्या आकड्याशी कधी भांडलाय का, शोधा," ती म्हणाली. "एकदाबी न्हाय. अकराच्या अकरा चुका छापलेल्याशी."

"मग?"

"छापलेला एक वाचताना तुम्ही कधी चुकला न्हाय. चार न्हाय, सात न्हाय. चुकलाय तो तीन, सहा, आठ, नऊ. आणि एकदा पाच. गोल पोटाचे तेवढेच."

कोडं इंग्रजी आकड्यांत छापतात. बारीक, मुंगीएवढे. आण्णांचे स्वतःचे आकडे मात्र घर भरून असतात, काट्याच्या पावतीवर असायचे तसे. ते वाकले. खडूचा एकेक गोल बघत गेले, बोट ठेवून. बराच वेळ गेला. कुकरची शिट्टी झाली, रशिदा उठली नाही.

"डोकं गेलं असतं तर समद्यांशी चुकलं असतं," ती म्हणाली. "डोक्याला काय करायचंय पोट गोल हाय का न्हाय? डोळं हाय ते, आण्णा."

आण्णांनी मान वर केली.

"अंदाज न्हाय न्हवं?"

"अंदाज न्हाय."

ते उठले, बयाबाईच्या पाठीला वळसा घालून दारापर्यंत गेले, आणि तिथं चौकटीला धरून थोडा वेळ उभे राहिले, तोंड पलीकडं करून. मग घरी गेले.

□

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी जपून, समजावून सांगितलं, तर आण्णांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. मंडळी ताजं दूध प्यायला जमतात त्या दूध कट्ट्यावर त्यांनी ही बातमी नातीचा निकाल सांगावा तशी सांगितली. एकजण म्हणाला, अरेरे. आण्णा त्याच्यावर चिडले. स्नेहलला सगळं त्यांनीच सांगितलं, पिराजीसकट, आणि सहा आठवडे तिची बोलणी खाल्ली. पेपरच्या ऑफिसात फोन करून माफी मागितली. तिथल्या माणसाला काही आठवत नव्हतं.

दोन्ही डोळे झाल्यावरचा पहिला शनिवार. पान दोरीला आलं. आण्णांचे नऊ आकडे, मोठाले, सगळे बरोबर. पुढं अडलेलं. रशिदानं दुपारी आणखी चार बसवले आणि तीही अडली. दोन किंवा सात. दोन का नाही, ते दिसेना.

संध्याकाळी आण्णा भिंतीपाशी आधीच उभे होते.

"सुटलं?"

"उद्या."

"बरं," म्हणाले, आणि शीळ घालत आत गेले. गुरुवारपर्यंत हेच चाललं. गौसनं चाळीस जोडांचा हिशेब नव्यानं मांडला.

□

त्या जुलैच्याही आधी, एप्रिलमध्ये एका मंगळवारी आण्णांनी छापलेला तीन आठ समजून त्याच ओळीत दुसरा तीन लिहिला होता. रशिदानं पेनानं त्या तीनची डावी बाजू बुजवून आठ केला, आणि संध्याकाळी सुटलं म्हणून सांगितलं. तो कागद झुंबरबाईच्या बाहीचा.