खुर्चीखालचा कंगवा

कंगवा खुर्चीच्या लोखंडी पायापाशी पडला होता, दात वर करून – काळा, टोकाचे दोन दात तुटलेले, आणि मघाच्या गिऱ्हाइकाचे चार पांढरे केस त्यात अडकलेले. वाकून हात सोडला तर गुडघ्याच्या जरा खाली जातो; तिथून पुढचं अंतर काही केल्या संपत नाही. न्हावी, आणि स्वतःचा कंगवा उचलता येत नाही... हसा लेको, हसा. कुणाला सांगितलं तर पोट धरधरून हसेल, म्हणून तो सांगत नाही. बुटाच्या टोकाने कंगवा हळूच खुर्चीखाली सरकवला, फळीवरचा दुसरा घेतला आणि आरशात बघून म्हणाला, "बारीक करायचे की मध्यम?"

"मध्यम," गिऱ्हाईक म्हणालं आणि डोळे मिटून बसलं. लोकांना इथे बसलं की झोप येते. त्याच्या कमरेतून निघालेली कळ डाव्या कुल्ल्यावरून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरत होती, रोज उतरते तशीच, वाट पाठ असलेल्या पाहुण्यासारखी. आणि वर हात मात्र आपले चालले होते, कच् कच् कच्, जणू त्यांचा खालच्या पायांशी संबंधच नाही. पण संबंध आहे. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या मास्तरांच्या कानामागे वस्तरा फिरत असताना डावा पाय एकदम नाहीसा झाला – दुखला नाही, नाहीसाच झाला – आणि तोल सावरेपर्यंत मास्तरांच्या मानेवर रक्ताची बारीक रेघ. "असू द्या हो, होतं असं," मास्तर म्हणाले, स्वतःच तुरटी लावून घेतली, उलट त्यालाच धीर दिला. पुन्हा आले नाहीत. आज कानामागे गेला, उद्या गळ्यावर गेला तर? ह्या धंद्यात बसून काही करता येत नाही. उभा आहे तोवर दुकान आहे, एवढं सरळ आहे ते.

आणि संध्याकाळपर्यंत सांगायचं आहे. हो की नाही. गुरुवारी ऑपरेशनची वेळ ठेवली आहे. इस्पितळातली बाई फोनवर गोड आवाजात म्हणाली, काका, आज कळवलं नाहीत तर ती वेळ दुसऱ्याला जाईल, मग पुढचं काही सांगता येत नाही. बायकोने सकाळी डबा हातात देताना विचारलं, "अहो, काय ठरवलंत?" तो म्हणाला, "बघू." ती म्हणाली, "महिना झाला बघताय." खरं आहे तिचं.

डॉक्टर तीन झाले. तिघांना नावं बायकोनेच ठेवली. पहिले स्क्रूवाले, गुरुवारची वेळ ह्यांच्याकडचीच – हे त्याचं जुनं गिऱ्हाईक, ह्याच खुर्चीत बसून ह्यांचे केस काळ्याचे पांढरे झाले, म्हणून तर तो विश्वासाने त्यांच्याकडे गेला. त्यांनी पाठीचा फोटो दिव्यावर लावला आणि काळी पडलेली चकती दाखवली: दोन मणक्यांच्या मधली गादी झिजलीय, हे दोन मणके स्क्रूने जोडून टाकू, हलायचंच बंद झालं की दुखेल कसं? पटलं. घट्ट पटलं. मग मुलगी म्हणाली, बाबा, एवढं मोठं आहे, आणखी एकाला दाखवूया. दुसऱ्याने तोच फोटो तशाच दिव्यावर लावला, जिभेने च् केलं आणि म्हणाला, "हे जोडायला कुणी सांगितलं?" नसेवर आलेला तेवढा तुकडा तासून काढू, बाकीच्याला कशाला डिवचायचं, जोडलंत की सगळा भार वरच्या सांध्यावर, काही वर्षांनी तो झिजणार, मग तो जोडा... हेही पटलं. हा तासणारा. तिसऱ्या बाई होत्या, वयस्क, चष्मा कपाळावर. त्यांनी फोटो पाहिला न पाहिला आणि त्याला खोलीभर चालवला, टाचांवर, मग चवड्यांवर. "कापायला कुणी सांगितलं तुम्हाला? तुमच्या वयाच्या कितीतरी लोकांचा फोटो असाच असतो, त्यांना पत्ताही नसतो. पायात जोर आहे अजून. व्यायाम करा, पोट उतरवा. जोर गेला तर तडक या." आणि ह्या थांबा-बाईंचं तर सगळ्यात जास्त पटलं, पण घरी येऊन बूट काढायला वाकलो आणि...

कुणी सांगितलं. तिघांनीही हेच विचारलं. पहिल्यांनीसुद्धा, दुसऱ्याचं ऐकल्यावर फोनवर: "कोण म्हणालं नुसतं तासून भागेल?" आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की हे तर आपलंच वाक्य! नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मानेवरचे केस दोन बोटांत धरायचे, च् करायचं आणि म्हणायचं, "मागच्या वेळी कुणी कापले हो?" केस चांगले कापलेले असले तरी म्हणायचं. वडिलांनी शिकवलेलं, सगळे न्हावी म्हणतात. एकदा एकजण आरशात बघून शांतपणे म्हणाला होता, "तुम्हीच की!" – आणि दुकानभर हशा पिकला, तोही हसला होता, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. पण केस परत येतात. महिन्याभरात सगळी चूक भरून निघते, म्हणून तर ह्या धंद्यात च् करणं परवडतं.

मुलीने बोटांवर हिशोब केला: दोघं कापा म्हणतात, दोघं जोडू नका म्हणतात. कसाही हिशोब कर बाई, खाली उरतो मीच. "पण बाबा, तुला काय वाटतं?" मला काय वाटणार? माझी पाठ मला दिसत नाही. दिवसभर मी लोकांच्या मानेमागे छोटा आरसा धरतो, हे बघा, ठीक आहे ना? – आणि ते न बघताच मान डोलावतात, छान, छान. इतकी वर्षं मला त्यांचं हसू यायचं.

स्क्रूवाले डॉक्टर दुपारी आले, दुकान रिकामं असताना. कोट खुंटीला लावला, खुर्चीचा हात धरून सावकाश बसले. "काय उस्ताद?"

"चाललंय." त्याने कापड गळ्याभोवती बांधलं. हेच ते हात, कापडाखाली आता गप्प पडलेले, जे गुरुवारी... त्याने पाणी मारलं, भांग पाडला. ह्या डोक्याचा भोवरा त्याला झोपेतही सापडेल. विचारायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं; गिऱ्हाइकाला खुर्चीत गाठून विचारणं बरं नव्हे. पण कात्री थांबली आणि तोंड बोलून गेलं.

"डॉक्टर, तिघांनी तीन सांगितलं. माझी तर मतीच गुंग झालीय. खरं कुणाचं?"

डॉक्टरांनी आरशात त्याच्याकडे पाहिलं. "खरं म्हणजे... उस्ताद, माझे सर जोडायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, मी जोडतो. माझी माणसं चालतायत, फिरतायत. त्याच्या सरांनी त्याला तासायला शिकवलं, त्याचीही चालत असतील."

"आणि बाईंची?"

"त्यांचीही." ते जरासे हसले. "न चालणारी सगळ्यांकडेच असतात. ती दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, त्यामुळे आपल्याला दिसत नाहीत."

मास्तर. मास्तर आता कुठे कापून घेत असतील?

त्याने कात्री पुन्हा चालवली. कान मोकळे केले, मानेवर मशीन फिरवली – वस्तरा घ्यायचा धीर झाला नाही, डॉक्टरांनी मागितलाही नाही – आणि मागे छोटा आरसा धरला. डॉक्टरांनी न बघताच मान डोलावली आणि ते उठले. कापड झटकताना बूट कशाला तरी लागला आणि खुर्चीखालचा कंगवा खर्रकन घसरत उजेडात आला, दोघांच्या मधोमध.

"तुमचा कंगवा..." म्हणत डॉक्टर सवयीने वाकले. अर्ध्यावर थांबले. श्वास तोंडातच. डावा हात झटकन खुर्चीच्या हातावर, उजवा मांडीवर. मग तो उजवा हात मांडीवरून टप्प्याटप्प्याने वर सरकत गेला आणि त्याच्या आधाराने बाकीचा माणूस वर आला. हे सगळं त्याला पाठ होतं. मांडीवरून हात कसा वर चढतो, कुठे अडतो, सरळ झाल्यावर चेहरा कसा उगाच मोकळा करायचा – सगळं. कंगवा तिथेच राहिला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"झाली की बरीच वर्षं." डॉक्टरांनी कोट घेतला. "तुमचीच जागा. चौथा-पाचवा मणका."

"मग... जोडून नाही घेतलंत?"

डॉक्टर बटणं लावत होते. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलं.

"बघू," ते म्हणाले. "बघू, बघू करतोय." आणि दारातून वळून, डॉक्टरांच्या आवाजात: "संध्याकाळपर्यंत तेवढं कळवा हं."

राग यायला हवा होता. त्याने वाट पाहिली. दुसऱ्याला कापायला निघालेत आणि स्वतः... असं काहीतरी मनात जुळवूनही पाहिलं, पण ते पेटेना. उलट भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी – बापाचा हात धरून रस्ता ओलांडताना वर बघावं, तर बापालाच रस्ता कळत नाहीये. आजवर वाटत होतं, आपल्याला कळत नाही, पण कुणालातरी कळतं. त्या माणसापर्यंत पोचलं की झालं.

मग तो खाली बसला. वाकून नव्हे, खुर्चीचा हात धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, मग हाताचे दोन्ही पंजे फरशीवर, रांगणाऱ्या पोरासारखा. कंगवा हातात आला. सोपं होतं की. महिनाभर सुचलं नाही, कारण असं खाली बसायची लाज वाटत होती. फरशी गार होती, कापलेले केस तळव्यांना चिकटत होते, काळे, पांढरे, त्यात आत्ताचे डॉक्टरांचेही. आणि कमरेतली कळ थांबली होती. आत्तापुरती. कशाने थांबली ते तिघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं.

वर फळीवर फोन वाजायला लागला. इस्पितळातली बाई असेल, नाहीतर बायको. फोन इथून दिसत नाही, आरसाही दिसत नाही; दिसते फक्त खुर्चीची खालची बाजू, गंजलेली, जी आजवर कधी पाहिलीच नव्हती. उठायचं तर कुठला गुडघा आधी उचलायचा... डावा की उजवा... मी दोन्हीकडे बघतो. फोन वाजतो आहे. एवढं तरी कुणी सांगा.